बियाचा डोह

एका बोटभर माशापायी तीन माणसं भर मार्चच्या उन्हात हरसूलचे डोंगर चढायला निघाली होती. आणि मासा तरी कसा? तो आहे हेच मुळी कुणी मान्य करायला तयार नव्हतं!

उज्वला देवरे यांनी मात्र तो पाहिला होता, तळहातावर घेतला होता. नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि निवृत्तीला जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, फॉर्मॅलिनच्या बरणीत सहा मासे एकोणीस वर्षं पडून होते. बरणीवर त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'मुरी, नेहमीची जात, पिल्लं. बियाचा डोह, हरसूलजवळ.'

मुरी म्हणजे ओढ्यात दगडांखाली राहणारा, मिशा असलेला, साप आणि मासा यांच्या मधलाच वाटावा असा लहानसा जीव. पाड्यावरची तानुबाई तेव्हाच म्हणाली होती, "बाई, ही मुरी नाय, ही हळदी. हिची जातच येगळी." पण तानुबाईचं कोण ऐकतो? पुस्तकात हळदी नव्हती. उज्वलाबाईंनी हसून मान हलवली आणि चिठ्ठीवर 'पिल्लं' लिहून टाकलं.

ही चूक उघडी पाडली योगेशनं. योगेश त्यांचा विद्यार्थी, आता त्यांच्याच हाताखाली संशोधन करणारा. दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना त्यानं ती बरणी उतरवली, एक मासा भिंगाखाली धरला आणि त्याचं पोट नीट निरखलं. मग म्हणाला, "मॅडम, ही पिल्लं नाहीत. ह्या मादीच्या पोटात अंडी आहेत."

मग काय! मिशा मोजल्या, पंखांचे काटे मोजले, खवले मोजले. कुठल्याच ज्ञात जातीशी जुळेना. नवी जात! लेख लिहिला, पाठवला, आणि तीन महिन्यांनी तो परत आला. परीक्षकांचं म्हणणं थोडक्यात असं: जिवंतपणीचा रंग कुठे आहे? जनुकांच्या तपासणीसाठी ताजा तुकडा कुठे आहे? फॉर्मॅलिनमध्ये मासा काही दिवसांत पांढराफटक होतो आणि त्यातून जनुकंही नीट निघत नाहीत, हे उज्वलाबाई स्वतः दरवर्षी वर्गात शिकवत आल्या होत्या. बरं, फोटो? त्या वेळी रोल भरायचा कॅमेरा होता. छत्तीसपैकी शेवटचा फोटो त्यांनी माशाचा काढायचा ठेवला होता, आणि तो कुणीतरी आग्रह केला म्हणून धबधब्यापुढे स्वतःचा काढून घेतला. तो फोटो अजून घरात आहे. त्यात त्या फार छान दिसतात, आणि म्हणूनच त्यांना तो बघवत नाही.

तेव्हा एकच उपाय होता. जिवंत हळदी शोधायची, तिचा रंग टिपायचा, तिला शुद्ध स्पिरिटमध्ये ठेवून नाशिकला आणायची. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा दुसऱ्याच्या हाती जाणार. मग ती बरणी कुणी कुठल्या कोपऱ्यात सारील, ते सांगता येत नव्हतं.

वाटाड्या जुनाच होता, काळू भोये. वय पासष्टीच्या पुढे, पण पायात अजून चप्पल नाही. तानुबाई त्यांची बायको. ती जाऊन चार वर्षं झाल्याचं उज्वलाबाईंना पाड्यावर पोचल्यावर कळलं. तिला सांगायला म्हणून त्या मुद्दाम एक वाक्य ठरवून आल्या होत्या, 'तुम्ही बरोबर होतात' असं. ते वाक्य त्यांनी ओट्यावरच गिळलं.

काळूभाऊंची मुलं-सुना द्राक्षबागांवर कामाला गेलेली. निम्मा पाडा कुलपात होता.

बियाचा डोह पाड्यापासून तासभराच्या वाटेवर, दोन कड्यांच्या बेचक्यात. मार्चमध्ये ओढा आटतो, धोंडे उघडे पडतात, पण डोहात पाणी बारमाही. काठावर बिवळ्याचं मोठं झाड. बिवळ्यावरूनच डोहाला बियाचा म्हणत असावेत, अशी उज्वलाबाईंची एकोणीस वर्षांची समजूत होती. विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

दोन दिवस त्यांनी डोह पिंजून काढला. हातजाळी लावली, बांबूच्या मळ्या, म्हणजे मासे अडकवायचे सापळे, लावल्या, गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक दगड उलटला. योगेश तर पालथा पडून मुंडकं पाण्यात घालून बघत होता. काय मिळालं? झिंगे, खेकडे, दांडवण, नेहमीच्या मातकट मुऱ्या. हळदी एकही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळूभाऊ धोंड्यावर तंबाखू मळत बसले होते. चुना लावता लावता म्हणाले, "बाई, हितं नाय मिळायची."

उज्वलाबाई पाण्यातून बाहेर आल्या. "मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी बोलल्या डोहात बघायचं. मला वाटलं, तुमच्या पुस्तकात काय येगळं लिवलं असंल." काळूभाऊंनी तंबाखू दाढेत धरली. "हितली हळदी संपून गेली ना तवाच."

"केव्हा?"

"तुमी आल्या व्हत्या, त्याच साली."

योगेशनं मान वर केली. उज्वलाबाईंना नीट ऐकू आलं होतं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं. मग काळूभाऊंनी सगळं सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कुठल्या साली किती झाला, हे सांगावं तसं ते सांगत होते.

"तुमची गाडी दुसऱ्या दिशी व्हती. तुमी बोलल्या, काळूभाऊ, सकाळपातूर मिळतील तेवढे आणा, एक बी सोडू नका. आता गळानं नाय तर मळीनं एवढ्यात कितीक मिळणार? म्हून मी गेळ कुटलं."

गेळाचं झाड त्या डोंगरात जागोजाग आहे. त्याची हिरवी फळं ठेचून पाण्यात घोळली की मासे गुंगतात आणि पोट वर करून तरंगू लागतात. उन्हाळ्यात पाड्यावरचे लोक वाहत्या ओढ्यात असं करतात, हे उज्वलाबाईंना माहीत होतं.

"पर ह्या डोहात कुणी गेळ टाकत नाय," काळूभाऊ म्हणाले. "हा बियाचा डोह. शेतकरी कसा बियाला दाणं ठेवतो, तसा हा डोह माशाच्या बियाला ठेवलेला. आमच्या बापजाद्यांपासनं. हितलं बी पावसात खाली जातं, मंग ओढा भरतो."

बिवळ्याचं झाड काठावर मुकाट उभं होतं. त्याचा डोहाच्या नावाशी काही म्हणजे काही संबंध नव्हता!

"तानू बोलली मला, बियाच्या डोहात हात घालू नको. मी बोललो, बाई शिकलेल्या हायत, त्यांना ठाव असंल." काळूभाऊंनी तंबाखू थुंकून टाकली. "दोन पाट्या भरल्या. तुमी त्यातलं सहा उचललं. बाकीचं पाड्यानं खाल्लं."

उज्वलाबाईंना त्या पाट्या आठवल्या. आपण किती खूश झालो होतो, तेही आठवलं. 'वा काळूभाऊ, कमाल केलीत!' असं आपण म्हणालो होतो. काळूभाऊंनी त्यांच्या शिक्षणावर विश्वास ठेवला आणि त्यांनी पुस्तकावर. डोहाला जिनं ओळखलं होतं, तिचं दोघांनीही ऐकलं नाही. उज्वलाबाई बिवळ्याच्या मुळाशी जाऊन बसल्या. असं वाटत होतं, की कुणीतरी रागवावं, पण रागवायला तिथं कुणी नव्हतं.

"आणखी कुठे असेल?" शेवटी योगेशनंच विचारलं. "दुसरा डोह, दुसरा ओढा?"

काळूभाऊंनी वर बघितलं. समोरच्या कड्याच्या पार माथ्याजवळ एक काळी उभी चीर दिसत होती. "निसणीचं पाणी. ल्हान असताना बापासंगं गेलो व्हतो. तिथं हळदी व्हती. पावसात ते पाणी भरून सांडतं, पर डोंगराच्या पल्याडच्या अंगाला, कातळावर. हिकडं एक थेंब येत नाय."

"मग इतक्या वर्षांत तुम्ही बघून का आला नाहीत?" उज्वलाबाईंनी विचारलं.

काळूभाऊंनी चिरेवरून नजर काढली. "तिथं बी नसली तर मंग संपलंच ना, बाई. म्हून गेलो नाय."

तिघांच्या मनात त्या क्षणी मोहिमेचा हेतूच बदलला. नवी जात जगापुढे आणायची, हा विचार मागे पडला. ती आपल्या हातून संपली की नाही, एवढंच आता उज्वलाबाईंना जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. योगेशच्या पाठीवर फोटोची काचेची पेटी, कॅमेरा, दोर आणि स्पिरिटचे दोन कॅन. उज्वलाबाईंच्या पाठीवर पाणी आणि भाकरी. काळूभाऊंच्या खांद्यावर कोयता आणि कापडी पिशवी.

पहिला तास करवंदीच्या जाळ्यांतून. मग गवत सुरू झालं. कमरेएवढं, वाळून कुरकुरीत झालेलं, पाऊल पडताच चुरा होणारं. कुसळं मोज्यांतून आत शिरून टोचत होती. उतार इतका उभा, की समोरच्याची टाच आपल्या नाकासमोर. ऊन वर आलं तसा कातळ तापला. दहा वाजेतो हात टेकवेना.

कड्याच्या पायथ्याशी काळूभाऊ थांबले. पिशवीतून त्यांनी एक चपटी बाटली काढली, घोटभर मोहाची दारू दगडावर ओतली आणि डोंगरदेवाला हात जोडले. योगेशनं वास घेऊन भुवया उंचावल्या.

"पयल्या धारेची हाय," काळूभाऊ म्हणाले. "देवाला पाणी घातलेली चालत नाय."

निसण म्हणजे झाडाच्या खोडाला खाचा पाडून केलेली शिडी. काळूभाऊंच्या बापाच्या काळातली ती केव्हाच कुजून पडली होती. आता तीस-पस्तीस फुटांचा कोरा कातळ, मध्ये चार-दोन खोबण्या. काळूभाऊ अनवाणी पायांनी वर गेले आणि एका उंबराच्या मुळाला दोर बांधून त्यांनी तो खाली सोडला. मग उज्वलाबाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघेदुखीसह! अर्ध्यावर त्यांना पुढची खोबण सापडेना. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांनी नेमकं खाली बघितलं.

"बाई, उजव्या पायाला खोबण हाय. तिथं. आन आता दोर वढा," वरून आवाज आला.

त्यांनी दोर ओढला. ढोपर खरचटलं, पण त्या वर पोचल्या. योगेश शेवटी. एक खोबण निसटली. तो दोराला लोंबकळला, पाठीवरची पेटी कातळावर खणकन आदळली. दोन श्वास. तीन. मग बुटाचं टोक पुन्हा कुठेतरी अडकलं आणि तो धापा टाकत माथ्यावर येऊन उताणा पडला. काच शाबूत होती. एका कॅनचं झाकण मात्र चिरलं होतं आणि स्पिरिटचा उग्र वास येऊ लागला होता.

आणि समोर ती चीर. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद, पलीकडच्या कड्यावर दुसऱ्या तोंडानं उघडणारी, वरून झुकलेला कातळ, आत गारवा. आतल्या भिंतीतून पाणी झिरपत होतं आणि खाली साचलं होतं. एखाद्या खोलीएवढं कुंड, कमरेइतकं खोल, तळाशी पांढरी वाळू.

तिघंही काठावर पालथे पडून आत बघू लागले. वाळू दिसत होती, पाण्यात पडलेली पानं दिसत होती. पाच मिनिटं गेली. मग एका पानाखालून काहीतरी सरकलं. बोटभर लांब, तपकिरी पाठ, आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत हळदीचं बोट ओढावं तसा पट्टा!

उज्वलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. "आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मग मोजणी सुरू झाली. एक, दोन, चार. दगडाआड आणखी तीन. तासभर डोळे लावून बसल्यावर आकडा ठरला: नऊ. सबंध कुंडात नऊ मासे.

काळूभाऊंनी ओंजळीनं एक हळूच उचलून काचेच्या पेटीत सोडला. योगेशनं भराभर फोटो काढले, डावीकडून, उजवीकडून, वरून. रंग अगदी स्पष्ट आला होता. एवढं झाल्यावर काळूभाऊंनी विचारलं, "किती काढू, बाई?"

नाशिकहून निघताना कागदावर ठरलं होतं: सहा. एक मुख्य नमुना, पाच सोबतीचे. उज्वलाबाईंनी योगेशकडे बघितलं. तो मान खाली घालून कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. लावून झालं तरी लावतच होता.

"एकही नको," त्या म्हणाल्या. "हा पण सोडा."

"मॅडम, जनुकांची तपासणी? तुकड्याशिवाय लेख पुन्हा परत येईल."

"येऊ दे."

योगेश काही बोलणार, इतक्यात काळूभाऊंनी हात वर केला. ते नाकानं हवा हुंगत होते. "धूर," ते म्हणाले.

खाली दरीत कुणीतरी राब भाजायला घेतला होता. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, दरवर्षीचंच काम. पण वारा फिरला होता. राबातून एक ठिणगी बांधापलीकडे गेली असावी आणि तो वाळक्या गवताचा उतार पेटला होता. वणवा! चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. ज्या वाटेनं ते आले, ती वाट बघता बघता ज्वाळांनी गिळली. तडतड आवाज येऊ लागला. ससे, घोरपडी, पाखरं, जे ते वर धावत सुटलं.

"उतरायचं नाय," काळूभाऊ ओरडले. "आत! पाण्यात!"

चिरेच्या तोंडाशी असलेलं गवत त्यांनी कोयत्यानं सपासप कापलं, हाताला येईल ते उपटून कड्याखाली फेकलं. योगेशही उपटू लागला. तळहात कापले. धूर दाट झाला. मग तिघंही कुंडात उतरले, गमछे भिजवून तोंडाला बांधले आणि आतल्या भिंतीला चिकटून उभे राहिले. चिरेच्या तोंडातून ठिणग्यांचा पाऊस आत येऊ लागला.

"मॅडम, स्पिरिट!"

योगेशची सॅक काठावर कोरड्या दगडावर पडली होती. चिरलेल्या झाकणातून वास सुटत होता. एक ठिणगी, आणि सगळं कुंड पेटलं असतं! पाण्यात बुडवावं, तर ते गळून पाण्यात मिसळणार आणि नऊच्या नऊ मासे मरणार. उज्वलाबाईंनी विचार केला तो एवढाच. त्या पाण्याबाहेर पडल्या, दोन्ही कॅन उचलले आणि चिरेच्या दुसऱ्या तोंडाकडे, पल्याडच्या कड्याकडे धावल्या. दहा पावलं. धुरात काही दिसेना. अंगावरचा ओला पदर वाफाळू लागला. पायाखाली कातळ संपल्याचं जाणवलं तशा त्या बसल्या. पहिला कॅन भिरकावला. दुसरा भिरकावला. खाली कुठेतरी ते आदळल्याचा आवाज झाला. परत येताना त्या दोनदा पडल्या. योगेशनं हात धरून त्यांना पाण्यात ओढलं.

मग वणवा वरून गेला. किती वेळ, ते कुणालाच सांगता आलं नसतं. गवताची आग जशी येते तशीच जाते, पण ती जाईपर्यंत प्रत्येक श्वास मोजावा लागतो. काळूभाऊ डोळे मिटून पुटपुटत होते. योगेश खोकून खोकून वाकला होता. हळूहळू तडतड माथ्याकडे सरकली, पलीकडच्या उघड्या कातळावर पोचली आणि तिथं थांबली.

ते वाचले होते!

कुंडावर मात्र राखेची जाड साय धरली होती. योगेशचं बालपण एकलहऱ्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या वसाहतीत गेलेलं. राख काय करते, हे त्याला शिकवावं लागलं नाही. "मॅडम, राखेनं पाणी क्षारयुक्त होईल, मासे मरतील. लवकर काढायला हवी." तिघांनी गमछे पसरून राख गाळायला सुरुवात केली. गाळायची, बाहेर झटकायची, पुन्हा गाळायची. दोन तास. हातापायांना पेटके आले, तरी कुणी थांबलं नाही. शेवटी तळ पुन्हा दिसू लागला.

मोजणी झाली. आठ.

नववा आतल्या भिंतीशी मिळाला, वाळूत रुतलेला, चपटा. त्याच्या शेजारी बुटाचा ठसा होता. नक्षीवरून कळत होतं, बूट कुणाचा. काळूभाऊ अनवाणी होते आणि योगेशच्या बुटाची नक्षी वेगळी होती. उज्वलाबाईंनी तो मासा उचलून तळहातावर घेतला. पिवळा पट्टा अजून तसाच होता.

"एकही नको म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या.

योगेशनं त्यांच्या तळहाताकडे बघितलं. मग संशोधकानं जे बोलायला हवं होतं ते तो बोलला. "मॅडम, हा आता वाया जाऊ द्यायचा नाही. पण स्पिरिट..."

"थांब रं," काळूभाऊ म्हणाले. ते कुंडाच्या कोपऱ्यात वाकले, एक धोंडा बाजूला केला आणि त्याखालून चपटी बाटली काढली. बूच घट्ट होतं. "ही मी पाण्यात दाबून ठिवली व्हती. बाई, तुमचं पण बुडवायचं व्हतं की."

"माझं गळत होतं, काळूभाऊ."

"एकच गळत होतं, मॅडम," योगेश हळूच म्हणाला.

खरंच! एकाच कॅनचं झाकण चिरलं होतं. घाईत त्यांनी दोन्ही फेकले होते. पदव्यांची भेंडोळी असलेल्या बाईंना जे सुचलं नाही, ते बूच लावून धोंड्याखाली ठेवणाऱ्याला सुचलं होतं. त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं.

अशा रीतीनं हळदी मुरीचा एकमेव ताजा नमुना पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूत नाशिकला पोचला. आणि गंमत अशी, की तेवढ्यानं काम झालं! त्या एका माशातून जनुकं निघाली. रंगाचे फोटो होतेच. अंगाचं मोजमाप बरणीतल्या सहा जुन्या माशांवरून झालेलंच होतं. मुख्य नमुना म्हणून त्यांतलाच एक निवडला. आणखी एकही मासा मारावा लागला नाही. नियमाप्रमाणे जातीचं मूळ ठिकाण म्हणून बियाचा डोह नोंदवला गेला. वरच्या पाण्याचा ठावठिकाणा उज्वलाबाईंनी मुद्दामच दिला नाही. शोभेच्या माशांचे शौकीन कुठून कुठे पोचतात, हे त्यांना ठाऊक होतं.

लेख पाठवण्याआधी, मेमध्ये, त्या आणि योगेश पाड्यावर गेले. काळूभाऊंच्या ओट्यावर बसून त्यांनी इंग्रजी लेख मराठीत करून वाचायला घेतला. मिशा, काटे, खवले, सगळं. काळूभाऊ मन लावून ऐकत होते. मधेच म्हणाले, "मिशा सहा हायत, बरोबर हाय."

मग 'सद्यस्थिती' हा भाग आला. त्यातल्या एका ओळीवरून योगेशचा आणि त्यांचा आठवडाभर वाद झाला होता. असं कुणी लिहीत नाही, मॅडम, असं त्याचं म्हणणं. शास्त्राच्या लेखात कबुलीजबाब नसतात. त्यांनी ती ओळ काढली नव्हती.

त्यांनी वाचली: "मूळ डोहात ही जात आज उरलेली नाही. हे सहा नमुने गोळा करताना उज्वला देवरे यांच्या सांगण्यावरून संपूर्ण डोहात गेळ टाकण्यात आले."

काळूभाऊ ओट्यावर पुढे सरकून बसले.

"सांगण्यावरनं तुमच्या," ते म्हणाले. "आन टाकलं कुणी?"

"ते नाही लिहिलं. तुमचं नाव शेवटी आहे, आभारात. तुम्ही वरचं पाणी दाखवलंत, आमचा जीव वाचवलात, म्हणून."

"आभार राहू द्या."

"का हो, काळूभाऊ?"

"तानूनं मला सांगितलं व्हतं, तुमाला नव्हतं. गेळ ह्या हातानं कुटलं मी." त्यांनी हात पुढे केले, मग परत मांडीवर ठेवले. "माझं नाव त्या ओळीत घाला. गेळाच्या. एकटीच्या नावावर नका घेऊ ते."

उज्वलाबाईंनी पिशवीतून पेन काढलं. कागद मांडीवर घेतला, पण लिहिलं काही नाही. त्यांना वाटलं होतं, म्हातारा नको म्हणेल, विसरा आता म्हणेल. तसं म्हटलं असतं तर त्या विसरल्या नसत्या, पण थोडं बरं वाटलं असतं.

"लिवा," काळूभाऊ म्हणाले. "पुरं नाव घाला. काळू सोमा भोये."

त्यांनी लिहिलं.

"आता वाचा."

त्यांनी ओळ पुन्हा वाचली, दोन्ही नावांसकट. काळूभाऊंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मान हलवली.

"आता खरं झालं," ते म्हणाले.